तळघराची वरची पायरी

शाळेत खिचडी वाढून झाली होती. पोरं ताटं घेऊन व्हरांड्यात बसली होती आणि मी सातवीच्या वह्या तपासायला घेतल्या होत्या, तेवढ्यात यांचा फोन आला. शाळेच्या वेळेत हे कधी फोन करत नाहीत. “वैनी गेली,” एवढंच म्हणाले. अशा वेळी माणूस काय विचारतं? कशानं, कधी, जवळ कोण होतं... माझ्या तोंडून निघालं, “तळघराचं दार उघडं होतं का?” मग हे चिडूनच म्हणाले, “दाराचं काय काढून राहिलीस? ओट्यावर होती ती. गहू निवडता निवडता मान टाकली.” ओट्यावर, म्हणजे उजेडात, वाऱ्यावर. माझा जीव भांड्यात पडला, आणि तसा पडला म्हणून माझी मलाच लाज वाटली. पुढे शिरड शहापूरच्या थांब्यावर कुरुंद्याकडे जाणाऱ्या एसटीची वाट बघत उभी होते तेव्हा दुसरीच भीती मनात शिरली. बारा वर्षांपूर्वी आमच्या तळघरात जे घडलं, ते खरंखुरं माहीत असलेली दोनच माणसं होती. त्यातलं एक आता नव्हतं. पाच आठवडे झाले, ती भीती गेलेली नाही.

यांची वैनी म्हणजे आमची अक्का, कौसल्या, माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन कुरुंद्याला आले तेव्हा तिला या घरात येऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. तिला मूलबाळ नव्हतं. मी नोकरीची, म्हणून पहिल्या दिवसापासून तिनं माझं नाव ‘मास्तरीणबाई’ ठेवलं आणि शेवटपर्यंत बदललं नाही. हाताला चव, बोलायला गोड, कामाला वाघीण. पण घाबरट! इतकं घाबरट माणूस मी दुसरं पाहिलं नाही. वीज चमकली की ती घरातली सगळी भांडी पालथी घालायची, का ते कुणालाच माहीत नव्हतं. एसटीत बसली की ड्रायव्हरच्या मागची जागा धरून त्याला “सावकाश रे बाबा” म्हणत राहायची. कुकर लावला की अंगणात जाऊन उभी. तीन शिट्ट्या बाहेरून मोजायच्या, मग मला सांगायचं, “जा, बंद कर.” आम्ही सगळे हसायचो. मी सगळ्यात जास्त हसायचे, कारण भीती म्हणजे अडाणीपणा अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती.

नवं घर बांधायला काढलं तेव्हा थोरल्या दिरांच्या डोक्यात तळघराचं आलं. शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली हळद आपल्याच घरात राखायची, उन्हाचा आणि उंदरांचा त्रास नको, हा विचार. मिस्त्रीनं सांगून पाहिलं की ही काळी माती आहे, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, खाली खोली नका करू. दिरांनी चारी बाजूंनी मुरूम भरून घेतला आणि मिस्त्रीचं तोंड बंद केलं. अक्कानं मात्र दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. “जिमिनीच्या पोटात खोली नका करू,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. कुणी ऐकलं नाही. मधल्या खोलीतल्या दारातून अकरा पायऱ्या उतरून तळघर झालं, अंगणाच्या पातळीला चार झरोके ठेवले.

तिला एवढं भ्यायला काय झालं ते तिनं मला एकटीलाच सांगितलं. तिच्या माहेरी जुनं पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला, ज्वारी साठवायचा खड्डा, वरून तोंड लिंपून टाकलेला. अक्का सात वर्षांची असताना ते पेव उघडलं. तिचा चुलता ज्वारी काढायला दोरानं खाली उतरला, तो बोलेना. त्याला काढायला तिचा बाप उतरला. “बा म्हनला, तू हितंच उभी ऱ्हा, मी आनतो काकाला. मी उभी ऱ्हायले. दोघंबी वर आले न्हाईत.” कोंडलेल्या धान्यानं आतली हवा खाल्ली होती. तेव्हापासून तिचे दोन नेम होते. बंद जागा उघडली की आधी कंदील सोडायचा, तो विझला तर उतरायचं नाही. आणि खाली गेलेला माणूस बोलला नाही, तर त्याच्यामागे दुसऱ्यानं जायचं नाही. काय वाटेल ते झालं तरी नाही. हे सांगताना ती माझा हात एवढा घट्ट धरून होती की बांगडीचा वळ उठला. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर मी मनात म्हटलं, पेव वेगळं आणि सिमेंटचं तळघर वेगळं.

पहिल्याच पावसाळ्यात तळघरानं गुण दाखवले. भिंतींना घाम फुटला, खालच्या पोत्यांना कुबट वास यायला लागला, कोपऱ्यात काळी बुरशी धरली. मी शिकलेली, तेव्हा मी पुढे झाले. हवा खेळती पाहिजे म्हणून चारही झरोके सताड उघडले. दुसऱ्या दिवशी भिंतींवरून ओघळ आले. मी पंखा आणून लावला. तिसऱ्या दिवशी फरशी चिंब झाली, पाय सरकायला लागले. अक्का दारात उभी राहून बघत होती. “मास्तरीणबाई, वली हवा आत घेऊन राहिली तू. मंग ते वाळंल कसं?” म्हणाली. त्या दिवसापासून तळघर तिनं हातात घेतलं. भीत होती म्हणूनच घेतलं, असं मला आता वाटतं. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे ती पाठ करत नसे.

तिची रीत अशी होती. संध्याकाळी तांब्याभर पाणी तळघराच्या लांबच्या कोपऱ्यात ठेवायचं. सकाळी तो तांब्या वर आणायचा, पदरानं कोरडा पुसायचा आणि अंगणातल्या ओट्यावर ठेवून चहा प्यायचा. चहा होईपर्यंत तांब्याला बाहेरून घाम आला, की त्या दिवशी झरोके बंद, फटींत चिंध्या कोंबायच्या. तांब्या कोरडा राहिला, की चारही उघडे. “खालचा गारवा तांब्यात हाय. तांब्याला घाम आला तं भितीलाबी येनारच,” हे तिचं म्हणणं. गार पेल्यावर बाहेरून थेंब का जमतात हे मी दरवर्षी वर्गात फळ्यावर चित्र काढून शिकवत होते, आणि ते माझ्याच घराच्या भिंतीला लागू आहे हे मला कधी सुचलं नव्हतं. शिवाय तिनं पोती फळ्यांवर चढवली, भिंतीपासून हातभर सरकवली. चार कोपऱ्यांत घमेल्यांतून कळीच्या चुन्याचे खडे ठेवले. ओल पिऊन चुन्याचं पीठ झालं की ती ते काढून नवे खडे घालायची. दोन वर्षांत तळघर असं कोरडं झालं की वसमतच्या बाजारात आमच्या हळदीची गाठ तोडून दाखवताना दिरांची मान ताठ व्हायची.

सकाळी खालून तांब्या आणायचं काम माझ्या लेकीचं, ऋतूचं. अक्का वर दारात उभी, ऋतू पायऱ्या मोजत खाली, पायऱ्या मोजत वर. ऋतू जितकी माझी तितकीच अक्काची होती. माझी शाळा, सकाळची एसटी, घरी परतायला संध्याकाळ... तिला न्हाऊमाखू घालणारी अक्काच, म्हणून ऋतूची ती ‘मोठी आई’.

ऋतू नऊ वर्षांची होती तो श्रावण. झड लागली ती उघडायचं नावच घेईना. नऊ दिवस तांब्या कोरडा राहिला नव्हता, नऊ दिवस झरोके बंद. चुन्याची घमेली पुरेनात आणि पोत्यांना पुन्हा तो कुबट वास. रविवार होता. घरचे पुरुष वसमतला गेलेले. माझ्या डोक्यात आलं, उष्णतेनं ओल मरते. चुलीतले चांगले फुललेले निखारे खाली नेऊन ठेवायचे, धूर नाही, जाळ नाही, दोन तासांत खोली कोरडी. अक्का म्हणाली, “कोंडल्या जागंत इस्तू नको गं ठिवू.” मी हसून म्हटलं, “अक्का, तुम्ही तर कुकरलाही भिता.” मी शिकलेली होते ना. बाभळीचे निखारे दोन घमेल्यांत भरून मीच नेले, पोत्यांपासून लांब विटांवर ठेवले आणि दार लावून घेतलं. झरोके तिच्या नेमाप्रमाणे चिंध्या कोंबून बंदच होते. त्यात तिची काहीच चूक नव्हती.

दुपारी दार उघडलं. धूर नाही, वास नाही, तोंडावर कोरडी ऊब आली. मी खूश. अक्कानं मात्र नेमाप्रमाणे कंदील पेटवला आणि दोरीनं शेवटच्या पायरीपर्यंत सोडला. ज्योत सरळ, शांत. आम्ही तिघी वाकून बघत होतो. तरी ती म्हणाली, “अर्धा दिवस थांबू.” “कंदील जळतोय ना? आणखी काय पाहिजे?” मी म्हटलं. निखाऱ्यांच्या गडबडीत सकाळचा तांब्या खालीच राहिला होता. ऋतू म्हणाली, “मी तांब्या आणू?” आणि मी म्हटलं, “जा.” तो शब्द माझा आहे. तो कुणी माझ्या तोंडात घातला नाही.

ती मोजत उतरली. अकरा झाले. तिची पावलं कोपऱ्याकडे गेली, तिथे ती काहीतरी चाळत राहिली असावी, मग पावलं परत पायऱ्यांकडे यायला लागली, पण सावकाश, अडखळत. मग तांब्या फरशीवर पडला. त्याचा आवाज घुमला आणि नंतर काही नाही. मी हाक मारली. पुन्हा मारली. खाली कंदील तसाच जळत होता. तो विझला असता तर काहीतरी कळलं असतं. तो जळत होता आणि माझी पोरगी बोलत नव्हती, याचा अर्थ मला लागेना. पाय म्हणजे कुणीतरी पायरीत चिणून टाकल्यासारखे. मला अक्काच्या बापाची गोष्ट आठवत होती. इतकी वर्षं मी ती गोष्ट मनावर घेतली नव्हती, आणि नेमकी तेव्हा ती माझ्या अंगात भरली... मागून गेलेला परत येत नाही. मी आई होते. खाली माझं लेकरू होतं. आणि मी वरच्या पायरीवर उभी राहिले. किती वेळ, ते मला माहीत नाही. ते मोजायची माझी अजून हिंमत नाही.

अक्कानं मला बाजूला ढकललं. एक मोठा श्वास छातीत भरला, तोंडावर पदर दाबला आणि उतरली. कुकरच्या शिट्टीला भिणारी बाई. आपल्या बापाचा शेवट डोळ्यांनी बघितलेली बाई. तिनं स्वतः घातलेला नेम स्वतः मोडला, आणि मोडताना एकदाही मागे बघितलं नाही. ती वर आली तेव्हा ऋतू तिच्या कडेवर लोंबकळत होती आणि अक्काचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. तशीच धावत ती पावसात अंगणात गेली, पोरीला ओट्यावर निजवलं, तिच्या तोंडावर पाणी येऊ दिलं, पाठ चोळली, आणि मग बाजूला जाऊन भडाभडा ओकली. ऋतूचा श्वास चालू होता. आवाज ऐकून शेजारी आले, कुणीतरी जीप काढली, आम्ही तिला वसमतला नेलं.

तिथे डॉक्टरांनी तिला ऑक्सिजन लावला आणि मला बाहेर नेऊन सांगितलं. फुललेल्या निखाऱ्यांतूनही विषारी वायू निघतो, बंद खोलीत तो साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. हात-पाय आधी जातात, शुद्ध नंतर. “आणि कंदील?” मी विचारलं. “कंदील जळत राहतो,” ते म्हणाले. “बाई, आणखी थोडा वेळ गेला असता तर मी काही करू शकलो नसतो.” मी भिंतीला टेकून खाली बसले. अक्काच्या आयुष्यभराच्या भीतीनं तिला एकच कंदील दिला होता, आणि माझ्या शहाणपणानं तो खोटा पाडला होता.

तेवढ्यात पुरुष आले. दिरांनी पहिलाच प्रश्न केला, “निखारे कुनी ठिवले?” मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाली, “म्या.” मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. दिरांनी दवाखान्याच्या दारात, चारचौघांत तिला नाही नाही ते सुनावलं. मी गप्प राहिले. तेव्हाही गप्प आणि नंतरही. महिनाभरानं एकदा आम्ही दोघीच चुलीपाशी होतो तेव्हा मी रडतच विचारलं, “अक्का, का खोटं बोललात?” ती भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, “लेकराला आईची भीती बसली तं ते जाईल कुठं? माझी बसू दे. मी मोठी आई हाय, लांबून चालंल.” आणि भाकरी उलटली. पोरीला खालून कुणी आणलं, हे घरात कुणी खोदून विचारलं नाही. “दोघींनी काढलं,” असं अक्का सांगायची आणि मी मान हलवायचे.

त्यानंतर तळघरात विस्तव गेला नाही. हळद राहिली, चुना राहिला, तांब्या राहिला. “एवढी घाबरट, आन् कोंडल्या घरात निखारे ठिवते!” हे दिरांचं पालुपद झालं. पाहुण्यांत, हळदीच्या हंगामात, लग्नकार्यात... अक्का पदर तोंडाला लावून हसायची. मी उठून आत जायचे. दर वेळी ठरवायचे की आज सांगायचं, आणि दर वेळी ऋतूचा चेहरा समोर यायचा. मी धडधडीत घाबरट बाई आहे, हे मला त्या बारा वर्षांत कळलं. अक्का भ्यायची आणि करायची. मी भ्यायले की काहीच करत नसे.

ऋतू आता एकवीस वर्षांची आहे, नांदेडला शिकते. तेराव्याला आली होती. पंगती उठल्या, पाहुणे पांगले, तेव्हा ती मधल्या खोलीत तळघराच्या दारात जाऊन बसली. मी शेजारी टेकले. खालून चुन्याचा आणि हळदीचा वास येत होता. ती खालच्या अंधारात बघत होती. मग म्हणाली, “आई, मोठी आईनं शपथ घातली होती. आता ती नाही, म्हणून सांगते. त्या दिवशी मी बेशुद्ध नव्हते गं लगेच. पायऱ्यांपाशी पडले होते. हात हलत नव्हते, तोंड उघडत नव्हतं, पण दिसत होतं. कंदिलाच्या उजेडात वरच्या पायरीवर कुणाचे तरी पाय दिसत होते. नुसते उभे. मी मनात म्हणत होते, ये ना, ये ना... ते येतच नव्हते. मग डोळे मिटले. दवाखान्यात तू औषध आणायला गेलीस तेव्हा मी मोठी आईला विचारलं, ते पाय कुणाचे होते?”

मी तिच्याकडे बघूही शकले नाही.

“ती म्हणाली, माझे. मी भ्याले गं बाई, माझा पायच उचलला न्हाई. तुझ्या आईनं मला ढकललं आन् खाली येऊन तुला उचललं. कुनाला सांगू नको, लई लाज वाटते मला.” ऋतू डोळे पुसत होती. “मी वर्षभर तिच्याशी नीट बोलले नाही, तुला आठवतं? मग वाटलं, ती तशीच आहे, कुकरलाही भिते. पण आई, होस्टेलवर मुली आपापल्या आईचं सांगतात ना, तेव्हा मी तुझं हे सांगते.” एवढं म्हणून तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

मला आठवत होतं ते वर्ष. ऋतू अक्काच्या हातून वेणी घालून घेईना. अक्का तेल-फणी घेऊन ओट्यावर बसायची, हाक मारायची, थोडा वेळ वाट बघायची आणि उठायची. मला वाटायचं, निखाऱ्यांमुळे. मी त्या दिवशी दारात बसून लेकीच्या केसांवरून हात फिरवत राहिले आणि एक शब्द बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ती नांदेडला गेली. तेव्हापासून तिचा फोन वाजला की मी तो यांच्या हातात देते. न सांगितलं तर कुणालाच कळणार नाही. अक्कानं सगळी सोय करून ठेवली आहे. पुरून ठेवलेली ज्वारी आतल्या आत हवा खाते, तसं हे मला खातंय.

आता श्रावण आहे. तळघरात तांब्या मी ठेवते. उतरताना यांना वर उभं करते, आणि वर येईपर्यंत पायऱ्या मोठ्यानं मोजत राहते. आज सकाळी तांब्या ओट्यावर ठेवला, चहा गाळला, बघते तर तांब्यावर थेंब. झरोके उघडले नाहीत. अक्का बसायची तिथेच बसून हे लिहायला घेतलं. ऋतू पेपरची ही पुरवणी न चुकता वाचते, आणि तिला समोर बसवून सांगायचं धाडस माझ्यात नाही, म्हणून इथे लिहिते आहे. इतकी भीती मला त्या पायरीवरही वाटली नव्हती.

ऋतू, ते पाय माझे होते. खाली आली ती तुझी मोठी आई.